भोंगा झाला की आत

बालाघाटहून समुद्रावर जाऊन आलेल्या माणसाला लोक ठरलेलेच प्रश्न विचारतात. पाणी किती खोल होतं, मासा केवढा पाहिला आणि उलट्या झाल्या का. उत्तरं देऊन देऊन मी कंटाळलो, म्हणून ती आधीच उरकून टाकतो. पाणी इतकं खोल, की आमच्या भरवेलीच्या शेजारचा अख्खा डोंगर त्यात टाकला तर शेंडाही दिसणार नाही. मासे पुष्कळ पाहिले, बहुतेक मेलेले. आणि उलट्या जाताना झाल्या, येतानाही झाल्या. कोणी विचारत नाही, पण मला सांगायचं आहे, ते यापुढे आहे.

भरवेली

मी भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत सुरुंग उडवणारा माणूस. नाव दशरथ, पण सगळे बारूदवालाच म्हणतात. घर मूळचं खैरलांजीचं. तिथं भावाच्या ताब्यात धानाची शेती आहे, ती माझ्याही नावावर आहे.

भरवेलीची एक रीत आधी सांगावी लागेल, नाही तर पुढचं काही कळणार नाही. दुपारी खाणीचा भोंगा होतो. भोंगा झाला की आत, हे आमच्याकडची पोरं नीट चालायला लागायच्या आधी शिकतात. सुरुंगाचा दगड कधी कुठे उडेल याचा नेम नसतो; वस्तीपर्यंत क्वचित येतो, पण येतो. त्यामुळे रस्त्यावरचा सायकलवाला सायकल टाकून समोरच्या घरात शिरतो, आणि घर कोणाचं, कोणत्या जातीचं, हे तेवढ्या वेळापुरतं कोणी पाहत नाही. पुरुष डोक्यावर हात घेऊन भिंतीशी उकिडवे बसतात. बायका भांड्यांच्या फळीला दोन्ही हात लावून उभ्या राहतात, कारण जमीन हादरली की पितळ खाली येतं. मग धाडकन् होतं, फळी किणकिणते, दुसरा भोंगा होतो आणि सायकलवाला आपल्या वाटेला लागतो. तो हादरा देणारा माणूस मी.

कलकत्त्याहून एक जहाज निघणार होतं. समुद्रात सुरुंग उडवायचे, त्यांचा आवाज तळाच्या खालच्या दगडांवर आपटून परत येतो तो ऐकायचा, आणि त्यावरून समुद्राखाली जमीन कशी आहे, भूकंप कुठून होतात हे शोधायचं, असं ते काम. त्यांचा बारूदवाला आजारी पडला, आणि सवयीचा हात हवा म्हणून विचारणा फिरत फिरत आमच्या खाणीपर्यंत आली. बायको जाऊन मला बरेच दिवस झाले होते. घरात अडवणारं कोणी नव्हतं, म्हणून हो म्हटलं. हौसेनं गेलो असं कोणी समजू नये.

समुद्र

कलकत्त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला तिथं भात चांगला मिळाला, एवढंच मी सांगेन.

समुद्राबद्दल खरं सांगायचं तर तो मला आवडला नाही. आमच्याकडे कुठंही उभं राहिलं तरी नजर कशावर तरी टेकते. साजाच्या झाडावर, टेकडीवर, निदान समोरच्या माणसावर. तिथं नजर जाते ती जातेच, आणि थकून परत येते. पहिले काही दिवस मी बहुतेक वेळ जहाजाच्या भिंतीकडेच पाहत काढला.

काम मात्र ओळखीचं निघालं. जहाजाच्या मागे पाण्यात एक लांबच लांब जाड नळी ओढली जायची. तिच्यात जागोजागी आवाज ऐकणारी यंत्रं बसवलेली, म्हणजे पाण्यातले कानच. मी मागच्या टोकाला उभं राहून बारूदाच्या पुडक्याला वात लावायची, पेटवायची आणि ते पाण्यात फेकायचं. जहाज पुढे सरकायचं, पाण्याला फुगवटा यायचा आणि पायाखालचं लोखंड ठणकायचं. लहान पुडकं वरचा गाळ दाखवतं, मोठं पुडकं खोलवरच्या दगडापर्यंत पोचतं. खाली एका खोलीत कागदाचा रूळ फिरत असायचा आणि त्यावर परत आलेल्या आवाजाच्या काळ्या रेघा उमटायच्या.

पहिल्याच दिवशी वात पेटवताना माझ्या तोंडून सवयीनं आरोळी गेली, "बत्ती होऽऽ!" खाणीत तशी तीनदा द्यावी लागते. समोर तर क्षितिजापर्यंत चिटपाखरू नव्हतं. एक खलाशी हसून म्हणाला, "चाचा, मछली को बोल रहे हो क्या?" त्यानंतर सगळं जहाजच मला तसं चिडवू लागलं, पण आरोळी काही सुटली नाही. आणि मासळीला तिचा उपयोग झाला नाही तो नाहीच. प्रत्येक सुरुंगानंतर पांढरी पोटं वर करून मासे तरंगायचे. स्वयंपाकी खूश असे. मी मात्र त्या दिवसांत डाळभातावर राहिलो, आणि ती डाळही आमच्याकडच्या लाखोळीची नव्हती.

कागदाच्या खोलीतले साहेब म्हणजे सेनसाहेब, कलकत्त्याचे. चष्मा, मफलर आणि तोंडात लवंग. मी बारूदवाला असलो तरी ते मला खुर्ची देत. एकदा त्यांनी रेघा समजावून सांगितल्या. समुद्राचा तळ सपाट येतो, येतो, आणि बेटांच्या पश्चिमेला एकदम खोल खाईत उतरतो. तिथून तो बेटांच्या खाली शिरतो. रेघा तिरक्या होत आत गेलेल्या मलाही दिसल्या.

"आपके घर में बरसात में दरवाज़ा फूलता है?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फुगतं. "धक्का देते हो, नहीं खुलता. फिर देते हो, नहीं खुलता. फिर एक दिन पूरा खुल जाता है और आदमी गिरता है. यह वही दरवाज़ा है."

ते कधी उघडेल हे कागदावर दिसतं का, असं मी विचारलं. ते नाही म्हणाले आणि लवंग चावत बसले.

मोठं निकोबार

मागची नळी कशात तरी अडकून फाटली, म्हणून जहाज मोठ्या निकोबारच्या धक्क्याला लागलं. सरकारनं त्या बेटावर फौजेतून निवृत्त झालेल्या शिपायांना जंगल तोडून शेतीला जमिनी दिल्या आहेत. धक्क्यावर पंजाबी ऐकू आली, मल्याळी ऐकू आली. आणि मग मागून कोणीतरी सुटलेल्या कोंबडीला ओरडलं, "कुठं पळून राह्यली बे तू, समुद्रात जातं का आता?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी विचारलं, "कोनतं गाव, भाऊ?"

"भरवेली. बालाघाटपाशी हाये. तुमाले काई मालूम असनार?" मग त्यानं मला नीट पाहिलं. "बाप्पा! तुमी बारूदवाले दशरथभाऊ ना? तुमच्या सुरुंगानं माह्या मायचा माठ फुटला होता!"

तो नामदेव रामटेके. खाणीच्या वस्तीत वाढला, फौजेत गेला, आणि आता इथला शेतकरी. बायको शेवंता आणि मुलगी छबी भरवेलीतच, शेवंताच्या भावाकडे राहत होत्या. घर उभं राहिलं की त्यांना आणायचं ठरलं होतं, आणि ते आता उभं राहिलं होतं. लाकडी खांब, वर पत्रा, समोर समुद्र इतका जवळ की बोलताना आवाज चढवावा लागायचा.

त्यानं मला जमीन दाखवली. बुंधे अजून निघाले नव्हते. दलदल होती, जळवा होत्या, रानडुकरं रात्रीत पीक उकरून जात होती. मला ते सगळं भकास वाटलं. तो मात्र बांधावर वाकून माती हातात घेत होता. "सात पिढ्यांत कोनाच्या नावावर ईतभर जमीन नवती, दशरथभाऊ. दुसऱ्याच्या बांदीत धानाचे रोवने रोवले. हे पाह्य, हे माही."

जेवायला नारळाच्या रसातला मासा आणि जाड भात होता. मासा मी खाल्ला, कारण तो गळाला लागलेला होता. आम्ही दाराबाहेर फळकुटावर बसून चिन्नोर तांदळाच्या वासाबद्दल बोलत होतो, तेवढ्यात ताटातला रस्सा थरथरला. फळकूट हललं. नारळाची झाडं वारा नसताना डोलू लागली.

आणि आम्ही दोघंही उठून धावत घरात गेलो.

तो एका भिंतीशी, मी दुसऱ्या भिंतीशी, उकिडवे, डोक्यावर हात. वर पत्रा खडखडत होता, खांब करकरत होते, आणि आम्ही दगड पडायची वाट पाहत होतो. बाहेरून शेजारचे सरदारजी जीव तोडून ओरडत होते, "ओए, बाहर निकलो! मरना है क्या?" बाहेर काय म्हणून जायचं, बाहेर तर दगड पडतात, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की मला त्या माणसाचीच कीव आली.

हलणं थांबलं. दगड काही पडले नाहीत. नामदेव माझ्याकडे पाहून हसला, मीही हसलो, आणि मग दोघांचंही हसू एकाच वेळी गेलं. एक खांब खालून सरकला होता.

कागदावरचं शेत

सेनसाहेब शांत माणूस, पण आम्ही काय केलं ते ऐकल्यावर त्यांनी मला चांगलंच खडसावलं. जमीन हलली की घराबाहेर. हलणं जोराचं असेल तर थांबताक्षणी किनारा सोडायचा आणि टेकडीवर चढायचं, कारण ते दार उघडलं की समुद्रही उचलला जातो. पाणी बघत उभं राहायचं नाही. सामानासाठी मागे फिरायचं नाही.

नामदेव माझ्याबरोबर जहाजावर आला होता. त्यानं तो काळ्या रेघांचा कागद पाहिला आणि विचारलं, "याच्यात माहं शेत कुठं हाये?" मी ते साहेबांना हिंदीत सांगितलं. साहेबांनी पेन्सिलीचं टोक कागदाच्या वरच्या कडेला ठेवलं. त्याच्या बरोबर खाली त्या तिरक्या रेघा आत जात होत्या.

"मंग बायकोले आनू का नको?"

साहेबांनी चष्मा काढून मफलरनं पुसला. आपल्याला माहीत नाही, म्हणाले. कदाचित उद्या. कदाचित तुमच्या नातवाच्या वेळी.

नामदेवाचा चेहरा उजळला. "नातवाच्या येळी? म्हंजे नातू इथंच असन ना मंग, ह्याच जमिनीवर!"

मला त्याचा भयंकर राग आला. अजून येतो. पण माणसाला त्याच्याच जमिनीवरून ऊठ म्हणून कसं सांगायचं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

जहाज सुटायच्या वेळी त्यानं मला एक काम सांगितलं. "माहं मी शिकन. पन त्या दोघी भोंगा ऐकत वाढल्या. जमीन हालली का आत पयतीन. निघायच्या आंधी तुमी त्याईले शिकवजा. तुमचं ऐकतीन, तुमी बारूदवाले."

पुन्हा भरवेली

शेवंता खाणीच्या वस्तीत राहत होती. भावाच्या घरात तिच्या वाट्याला ओसरीचा एक भाग आणि भांड्यांची एक फळी आली होती. पितळेची भांडी तिच्या आईची, चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेली. मी नामदेवानं पाठवलेला शंख दिला, निरोप दिला. मग कागदावर पाहिलेलं सगळं सांगितलं आणि जाऊ नको म्हणून सांगितलं. ते सांगायचा मला काही अधिकार नव्हता, तरी सांगितलं.

तिनं चहाचा कप पुढे ठेवला. "भाऊजी, तुमची बायको असती तं नेली असती का तुमी?"

"नाही."

"खैरलांजीले तुमच्या नावावर शेती हाये ना?"

"आहे."

"मंग तुमी नाही म्हनू शकता," ती म्हणाली आणि फळीवरचा पितळेचा मोठा गंज खाली काढून बांधायला लागली.

राहिलं शिकवणं. छबी हुशार पोरगी, डोळ्यांत नुसता खोडकरपणा. मी संध्याकाळी कामावरून सुटलो की तिच्याकडे जात असे. ती बाजेवर बसे, मी बाज गदागदा हलवे, आणि ती किंचाळत बाहेर पळून वस्तीमागच्या मातीच्या ढिगावर चढे. वर पोचली की ओरडे, "काकाजी, पानी आलं का?" मी म्हणे, "आलं, अजून वर जा!" शेवंता चुलीपाशी बसून हसे. तिलाही मी बोलवी, तर म्हणे, "मले काय लहान पोट्टीसारखं पयाले लावता? सैपाक कोन करन?" मीही फार ताणून धरलं नाही. छबी इतकी तयार झाली की नुसता बाजेला हात लावला तरी दाराबाहेर जाई. परत आल्यापासून मला पहिल्यांदाच थोडं बरं वाटत होतं.

एका दुपारी भोंगा झाला. मी खाणीत होतो. आरोळ्या दिल्या, निशाणं पाहिली, वात पेटवली. सगळं रीतसर होतं. वर आलो तर वस्तीचा एक माणूस मला शोधत आला होता.

भोंग्याला छबी आईबरोबर आत गेली होती. मग माझ्या सुरुंगानं जमीन हादरली, फळी किणकिणली, आणि पोरगी शिकवल्याप्रमाणे उठून बाहेर पळाली. शेवंताचे दोन्ही हात फळीवर होते, तिला धरता आलं नाही. ढिगावर चढताना एक दगड आला. मुठीएवढाच होता. खांद्याला चाटून गेला. हाड शाबूत राहिलं, पण कातडं सोलून निघालं.

मी गेलो तेव्हा शेवंता हळद लावत होती. पोरीच्या गालावर आईच्याच बोटांचे वळ होते. "आता पुरे करा, भाऊजी," एवढंच ती म्हणाली. मला बसा म्हटलं नाही.

मीच शिकवलं, दगडही माझाच. जेवण गेलं. सेनसाहेबांच्या त्या दाराचीही आठवण नको झाली.

खांदा भरून आल्यावर मी पुन्हा गेलो. न सांगता बाजेला हात लावला. छबी उठली आणि बाजेखाली शिरली, डोक्यावर हात घेऊन.

"छबे, बाहेर!"

"नाई. दगड पडते."

वाट काढली ती शेवंतानंच. दारात उभी राहून माझी अवस्था पाहत होती. तिला दया आली असावी. लेकीला बाजेखालून ओढून पुढ्यात बसवलं. "आयक. भोंगा झाला का आत. भोंगा नाई अन जमीन हालली, तं बाहीर. तिथं खानच नाई, तं भोंगा कायचा? समजलं?"

"हौ."

इतकं सोपं होतं. माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुढचे सगळे दिवस छबी ते पाढ्यासारखं म्हणत फिरली, आणि निघायच्या आधी बाज हलवली की पुन्हा बाहेर जाऊ लागली. आधी थबके, भोंग्याचा कानोसा घेई, मग पळे.

बालाघाट स्टेशन

त्यांना छोट्या गाडीत बसवून द्यायला मी गेलो होतो. गोंदियाला गाडी बदलायची, तिथून कलकत्ता. शेवंताचा भाऊ पुढे तिथपर्यंत सोबत होता. सामान थोडंच. चिन्नोरच्या बियाण्याची पिशवी, गोधड्या आणि भांड्यांचं पोतं. ते पोतं शेवंतानं भावालाही उचलू दिलं नाही. डब्यात बाकावर शेजारी ठेवलं, माणसाला जागा ठेवावी तसं.

मी खिडकीशी उभा राहिलो. "छबे, भोंगा नाही आणि जमीन हालली तर?"

"बाहीर. मंग टेकडीवर. मांगं पाह्याचं नाई."

"आणि आई?"

"आईचा हात धरून." तिनं खरंच आईचा हात धरून मला दाखवला, उंच करून.

शेवंता हसली. "तुमी घोर नका करू, भाऊजी. आता लय शिकली ते."

शिटी झाली. वैनगंगेच्या पुलाकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या छोट्या गाडीला एक जोराचा हिसका बसला. डबा हलला, पोतं बाकाच्या कडेला सरकलं आणि आतलं पितळ किणकिणलं. शेवंतानं छबीचा हात सोडला आणि दोन्ही हातांनी पोतं धरलं.

गाडी सुटली. छबी एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती, आणि तिचा रिकामा हात अजून वरच होता.